छबुबाईचे जावई मास्तर

छबुबाईशी भांडायला जायचं तर आधी घरून जेवून निघावं, असं दिंद्रुडात म्हणत. बाई उंचीला बेताची, अंगानं काटक. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंड कधी थांबायचं नाही. महायुद्धाच्या शेवटाला मानमोडीचा ताप आला, त्यात तिचा नवरा गेला. भाऊबंदांना वाटलं, आता बाई जमीन बटईनं देईल आणि कोपऱ्यात बसून भाकरी खाईल. बाईनं कासोटा आवळला, मिसरूड न फुटलेल्या भारतला हाताशी घेतलं आणि पेरणीला स्वतः उभी राहिली. भाऊबंद बांधावरून बघत राहिले.

तिला वाकवलं ते एकाच गोष्टीनं. लेक रतन पाटोद्याकडं दिली होती, शहाण्णव कुळी बघून, तोलामोलाच्या घरात. बापामागून वर्षभरात ती सासरी तापानं अंथरुणाला खिळली. तिनं बाजाराला निघालेल्या कुणाच्या तरी तोंडी आईला निरोप धाडला. तो गडी बाजारात रमला, निरोप विसरला, आणि आठवण झाली तेव्हा रतनचा दहावासुद्धा होऊन गेला होता. सासरच्यांनी वैद्य बोलावला नव्हता. पोरीला चार अक्षरं येत असती तर एका कार्डावर तिनं आईला बोलावून घेतलं असतं, हे छबुबाईच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. तेव्हापासून गावात शाळा पाहिजे आणि त्या शाळेत पोरी पाहिजेत, एवढी एकच गोष्ट ती भेटेल त्याला सांगत सुटली.

राज्य निजामाचं. सरकारी शाळा लांब माजलगावला, आणि तिथं शिकवणं उर्दूत. गावात आपली मराठी शाळा काढायची तर वरून परवानगी, सभा भरवायची तर परवानगी, चार माणसांपुढं कुणी बोलणार असेल तरी परवानगी. तेलाचा आणि किराण्याचा व्यापार करणारे मन्मथप्पा हे लिंगायत समाजातले वजनदार गृहस्थ. त्यांनी खेटे घालघालून शाळेची परवानगी तेवढी मिळवली आणि दुकानामागची कापसाची वखार झाडूनपुसून दिली. मास्तर आणला. पण मास्तर आला त्याच आठवड्यात माजलगावचा अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, घोड्यावरून चावडीत उतरला आणि हा माणूस इंग्रजी मुलखातून कशाला आलाय, त्याला घरात कुणी घेतलंय, असं विचारून गेला. झालं. गावाची दातखीळ बसली. मास्तर मारुतीच्या देवळात राहिला, आणि त्याला चुलीसाठी विस्तवसुद्धा कुणी दिला नाही. आठवडा संपायच्या आत तो आल्या वाटेनं परत गेला.

छबुबाई तेव्हा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेली होती. परत आल्यावर तिला हे कळलं आणि तिनं वेशीत उभं राहून गावाचा असा उद्धार केला की म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा कान झाकून घेतले. तुमच्या लेकरांना शिकवायला माणूस आला आणि तुम्हाला त्याला एक निखारा देता आला नाही, तर चुली पेटवता कशाला, असं ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात मन्मथप्पांनी पुन्हा धीर केला. या खेपेला नवरा-बायको दोघं शिकवणारी मिळाली होती, नगरची. बद्रीनाथ मास्तर पोरांना शिकवणार आणि सरस्वतीबाई पोरींना. छबुबाईचा आनंद पोटात मावेना. मन्मथप्पांच्या मनात होतं, वेशीला तोरण बांधावं, हलगी लावावी, पानसुपारी करावी आणि पाहुण्यांना गावच्या वतीनं दोन शब्द बोलावेत. त्यांनी रीतसर परवानगी मागितली. उत्तर आलं ते पोलीस पाटील सुंदररावांच्या हाती. जमाव करायचा नाही, वाजवायचं नाही, भाषण करायचं नाही. आणि बाहेरच्या मुलखातल्या माणसांना जो घरात घेईल तो त्यांच्याबद्दल जबाबदार.

मन्मथप्पांच्या ओसरीवर हे वाचून झालं आणि सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मन्मथप्पा हळू आवाजात म्हणाले की मग दिवेलागणीनंतर गाडी मागच्या पांदीनं आणावी आणि गुपचूप उतरवून घ्यावं. छबुबाई दाराच्या कडेला मन्मथप्पांच्या बायकोशेजारी, नीलम्माशेजारी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, की ते काय चोर आहेत?

दिवस अधिक ज्येष्ठाचे होते, धोंड्याच्या महिन्याचे. आपल्याकडं हा महिना जावयांचा. तीन वर्षांतून एकदा येतो आणि सासऱ्यांना घाम फोडून जातो. लेक-जावई माहेरी बोलवायचे, परातीत पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा. त्या आठवड्यात गावात रोज कुणाची तरी गाडी येत होती आणि हलगी वाजत होती. छबुबाईच्या घरी मात्र रतन गेल्यापासून धोंड्याचा महिना सुना जायचा.

तिनं पदर सारखा केला आणि सुंदररावांना विचारलं, "पाटील, लेक-जावयाला वाजवत आनायला परवानगी लागती का?"

सुंदरराव मोठ्या मनानं हसले. "लेक-जावयाला कशाला लागंल? ते का जमाव हाय?"

"मंग झालं. सरस्वतीबाई माजी लेक. मास्तर माजे जावई. उद्या हलगी लावा."

ओसरीवर एकेकाच्या मिशा हलायला लागल्या. सुंदररावांना आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण चारचौघांत निघालेला शब्द तोंडात परत कसा घालणार? शिवाय छबुबाई त्यांची होणारी विहीण. त्यांची तेलगावची भाची भारतला दिलेली, सुपारी फुटलेली, लग्न पुढच्या साली व्हायचं. त्यांनी काठी उचलली आणि मी काही ऐकलं नाही असं सांगून ते चालते झाले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर सेलूच्या ठेसणावरून निघालेली गाडी गोदावरी ओलांडून गावाच्या शिवेवर आली, तेव्हा गाडीतल्या दोघांना काहीच समजेना. समोर हलगी कडाडत होती, बायका पंचारती घेऊन उभ्या होत्या आणि मन्मथप्पा लग्नातल्यासारखा फेटा बांधून घाम पुसत होते. बद्रीनाथ मास्तर चष्मा लावणारा, खांद्यात थोडा वाकलेला तरुण. त्याला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या वरातीत शिरलो, आणि तो गाडीवानाला गाडी बाजूला घे म्हणून सांगायला लागला. छबुबाईनं त्याला खाली उतरवून घेतलं. दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सरस्वतीबाईचे डोळे धुळीनं लाल झाले होते. छातीशी पाट्यांचं गाठोडं धरून ती उभी होती. छबुबाईनं तिला कुंकू लावलं आणि कानाशी लागून बजावलं, की आजपासून तू माझी लेक आहेस आणि कुणी विचारलं तर तसंच सांगायचं.

"पण बाई, आम्ही कोण ते तरी..." सरस्वतीबाई म्हणाली.

"लेकीला कुनी इचारतंय का, तू कोन म्हनून?" छबुबाई म्हणाली आणि पुढं चालू लागली.

मग काय विचारता! गावाला खेळ सापडला. जावई एका घरचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. ज्यानं त्यानं मास्तरांना धोंड्याचं आमंत्रण दिलं. गेल्या वर्षी ज्यांनी निखारा दिला नव्हता त्यांनी तूप वाढलं. थोडी त्याची लाज होतीच, आणि थोडी सरकारच्या नाकावर टिच्चून काही करतोय याची मजा. खुद्द सुंदररावांच्या बायकोनं, चंद्रभागाबाईनं, मास्तरांचे पाय आपल्या हातानं धुतले, कारण छबुबाईच्या जावयाला बोलावलं नाही तर उद्या विहिणीचं तोंड चुकवता आलं नसतं. रीतीप्रमाणं जावयाची चेष्टाही झाली. एका धोंड्यात पुरणाऐवजी मीठ निघालं आणि मास्तरांनी ते मुकाट्यानं गिळलं, त्यामुळं त्यांची किंमत फारच वाढली.

शाळेत याचा निराळाच घोळ झाला. पोरं मास्तरांना दाजी म्हणू लागली. "दाजी, पाढे झाले," असं वर्गात ओरडू लागली. जावयाला रागावायचं नसतं तसं जावयानंही मेव्हण्याला छडी मारायची नसते, असा पोरांनी आपल्या सोयीचा कायदा काढला. आयांना मुलाची तक्रार करायची असली तरी त्या जावयासमोर कशा येणार? त्या दाराआड उभ्या राहून दाराला सांगत आणि मास्तर दाराला उत्तर देत. सरस्वतीबाईचं मात्र सोपं होतं. ती माहेरवाशीण. ती कुणाच्याही चुलीपर्यंत जाई, लसूण सोलायला बसे आणि उठताना त्या घरची पोरगी हाताला धरून शाळेत नेई. असं करत करत तिनं वखारीच्या एका बाजूला पोरींची चांगली ओळ बसवली. छबुबाई रोज शेतावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून वखारीवरून जायची. आत पोरी अक्षरं घोकत असायच्या. ती थांबायची नाही, पण पाय आपोआप हळू पडायचे.

मध्ये अमीन येऊन गेला. वयानं उतरलेला, दमेकरी माणूस, हुकूम आला म्हणून फिरणारा. त्याला सुंदररावांनी चाचरत सांगितलं की ते छबुबाईचे लेक-जावई आहेत. अमीन गालात हसला. जावयांचा महिना आहे, महिना संपू द्या, मग बघू, असं म्हणून तो निघून गेला.

महिना संपत आला आणि दिंद्रुडच्या बाजारात बंकट आला. बंकट हा बैलांचा दलाल, नगरपासून परळीपर्यंत सगळे बाजार फिरणारा. त्यानं बद्रीनाथ मास्तरांना लांबून पाहिलं आणि सहज म्हणाला, की हा तर नगरच्या जोडे शिवणाऱ्याचा पोरगा. बाप अजून चौकात बसतो, बायको पण त्यांच्यातलीच. म्हणाला आणि बैलाचे दात बघायला गेला. त्याला काय माहीत, आपण काय पेटवून चाललोय.

खरं बघितलं तर चूक सगळी गावाचीच. चष्मा बघितला, पुस्तकं बघितली, सोवळं नाव ऐकलं आणि प्रत्येकानं मनाशी धरलं की मास्तर ब्राह्मण असणार. जावई करायच्या नादात जात विचारायची राहून गेली! जे गाव पाणी पाजायच्या आधी आडनाव विचारतं, त्या गावानं महिनाभर त्या माणसाला चुलीपाशी बसवून जेवू घातलं होतं. आता घराघरात हलकल्लोळ झाला. कुणी गोमूत्र शोधू लागलं, कुणी आड उपसायची भाषा करू लागलं, कुणी ताटं राखेनं घासघासून त्यांची कल्हई घालवली. दुसऱ्या दिवशी वखारीत दाजी म्हणायला एकही पोर नव्हतं.

बाजाराच्या त्याच सांजेला भारत घरी आला तो पाय आपटतच. त्याला चारचौघांत बंकटनं नाही, सुंदररावांनी सुनावलं होतं. आईनं ऐकून घेतलं. तिचा हात पिठात होता तो तसाच थांबला. उगाच खोटं कशाला सांगायचं, तिलाही धक्का बसला. ती काही आभाळातून पडलेली नव्हती, दिंद्रुडातच वाढली होती. हात न धुता ती बाहेर आली आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. सरस्वतीबाई तिच्या घरात मागच्या खोलीत राहत होती. तिच्या माठातलं पाणी पीत होती, तिच्या चुलीवर भाकरी थापत होती. छबुबाईला आपलंच अंग परकं वाटलं. मग तिला पाटोद्याचा तो चिरेबंदी वाडा आठवला. कुळी बघून दिली होती रतन. पंगतीत पहिलं पान त्या घराचं असे. त्या घरानं तापलेल्या पोरीसाठी वैद्य बोलावला नाही. आणि या जोडे शिवणाऱ्याच्या सुनेनं, परवा छबुबाईला ऊन लागलं तेव्हा, कांद्याचा रस तळपायाला चोळत सगळी दुपार काढली होती.

ती उठून आत आली तेव्हा सरस्वतीबाई गाठोडं बांधत होती. छबुबाईनं विचारलं की आम्हाला सांगितलं कावून नाही.

"आम्ही लपवलं नाही," सरस्वतीबाई म्हणाली. "मन्मथप्पांना आम्ही नोकरी मागतानाच कळवलं होतं. ते म्हणाले, शाळेला शिकवणारं माणूस पाहिजे, बाकी मला ठाऊक, तुम्ही या. इथं आलो तर आम्ही सांगायला तोंड उघडलं की तुम्ही सगळे तोंडात धोंडा घालत होता."

छबुबाईला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. तिला राग आला तो मन्मथप्पांचा, गावाचा, आणि लिंबाखाली बसलेल्या मघाच्या छबुबाईचा. तिनं गाठोडं ओढून घेतलं आणि त्याची गाठ सोडली. लेकीला माहेरातून घालवणारी अजून जन्मली नाही, म्हणाली.

महिना सरला त्याच्या दुसऱ्या सकाळी अमीन आला. या वेळी त्याला सुंदररावांनी बोलावलं होतं. चावडीपुढं सगळं गाव गोळा झालं. जमावाला परवानगी होती की नव्हती ते कुणी विचारलं नाही. अमीन लिंबाच्या सावलीत बाजेवर बसला, शेजारी त्याचा मुन्शी कागद घेऊन. सुंदररावांनी गळा साफ केला आणि सांगितलं की ही माणसं गावाची नाहीत, कुणाची सोयरी नाहीत, बाहेरच्या मुलखातली आहेत आणि जातही आमच्यातली नाही. जातीशी मला काही करायचं नाही, ते तुमचं तुम्ही बघा, असं अमीन म्हणाला. त्याला एवढंच पाहिजे होतं, की ही दोघं कुणाची आहेत का. कुणी आपली म्हणत असेल तर राहू देत. कुणी म्हणत नसेल तर आज निघाली पाहिजेत.

म्हणजे सरकारला काठी उचलायचीसुद्धा गरज नव्हती. गावानंच हाकलायचं होतं. छबुबाईला हे समजलं आणि तिच्या अंगाची लाही झाली. बद्रीनाथ मास्तर एका कडेला उभे होते. सरस्वतीबाईनं खाली बघितलं नव्हतं. मन्मथप्पा मात्र खाली बघत होते.

गुरव तबकात बेलाची पानं आणि भंडारा घेऊन आला. बेलभंडारा उचलून आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही; बोललं तर वंश बुडतो अशी समजूत. सुंदरराव म्हणाले, "विहीनबाई, उचला. भारतच्या नावानं म्हना, ही माजी लेक हाय म्हनून."

भारतचं नाव घेतल्याबरोबर बायकांत चुळबुळ झाली. एकुलता एक पोरगा होता. छबुबाईनं तबकाकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही. सुंदररावांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

"शपथ खोटीबी घेता येती, पाटील," ती म्हणाली. "जेवन खोटं कसं करता यील? भारत, घरून ताट आन. एकच आन."

भारत हलला नाही. तेलगावची सोयरीक त्याच्या मनात भरलेली होती. पोरगी त्यानं जत्रेत बघितली होती आणि तेव्हापासून तो फेटा नीट बांधायला लागला होता. आईनं त्याच्याकडं बघितलं, पण पुन्हा सांगितलं नाही. जोर करून आणवलेल्या ताटाला अर्थ नव्हता. सुंदरराव त्याला म्हणाले की पोरा, विचार कर. भारतनं एकदा मामेसासरा होणाऱ्या त्या माणसाकडं बघितलं, एकदा सरस्वतीबाईकडं. मग तो वळला आणि घराकडं चालू लागला. आधी हळू, मग जरा भराभर.

त्यानं ताट आणलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. छबुबाईनं चावडीच्या फरशीवर बैठक मारली, सरस्वतीबाईला हाताला धरून समोर बसवलं आणि ताट मध्ये ठेवलं. आधी तू, म्हणाली. सरस्वतीबाईचा हात उचलेना. सगळ्या गावाच्या नजरा त्या हातावर होत्या. छबुबाई रागावली, की किती वेळ लावतेस, भाकरी वाळतेय. तेव्हा सरस्वतीबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. अर्धा तोंडात गेला, अर्धा हातात राहिला. छबुबाईनं तिच्या हातातला तो उष्टा अर्धा तुकडा काढून घेतला आणि खाल्ला. सावकाश, चावून, सगळ्यांकडं बघत. मग दुसरा तुकडा मोडला आणि सरस्वतीबाईच्या तोंडात घातला.

दोनतीन माणसं तोंड फिरवून निघून गेली. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग बायकांच्या घोळक्यातून नीलम्मा पुढं आली. तिच्या घरात पूजा झाल्याशिवाय आणि घराबाहेर अन्नाला शिवत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं हातातला तांब्या सरस्वतीबाईपुढं धरला. सरस्वतीबाई पाणी प्याली, तांब्याला ओठ लावून प्याली. नीलम्मानं तांब्या परत घेतला आणि त्याच काठाला ओठ लावून उरलेलं पाणी संपवलं. आमच्यात बाहेर जेवण चालत नाही, पाणी चालतं, एवढंच म्हणाली आणि नवऱ्याकडं बघितलं. मन्मथप्पांनी तेव्हा मान वर केली.

अमीननं हे सगळं बघितलं. आयुष्यभर तो पंचनामे करत आला होता. खऱ्याखोट्या साक्षी त्याला वासावरून कळत. त्यानं छबुबाईला विचारलं, "अम्मा, ये कौन लगती तुम्हारी?"

छबुबाईच्या तोंडात घास होता. तिनं घास गिळला नाही, नुसती भुवई उडवली, की हे काय विचारणं झालं.

"बेटी लिखो," अमीन मुन्शीला म्हणाला. मुन्शीनं लिहिलं. अमीन धापा टाकत उठला, घोड्यावर बसला आणि निघून गेला. जाता जाता कुणाला रामराम केला नाही आणि कुणाला दम दिला नाही.

सरकार गेलं, पण सुंदरराव तिथंच होते. त्यांच्या तोंडचा घास गेला होता आणि घरी चंद्रभागाबाईला काय सांगायचं हा प्रश्न होता. ते चावडीच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छबुबाई, तेलगावची सोयरीक मोडली. बाटल्या घरात आमची पोरगी न्हाई द्यायची."

भारतचं तोंड एवढंसं झालं. छबुबाईला ते दिसलं. लेकाच्या मनातलं तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिनं ताट सारलं, हात धुतला, पदराला पुसला आणि उभी राहिली.

"आमच्या घरची रीत हाय, पाटील. जावयाला इचारल्याबिगर सोयरीक जुळत न्हाई आन मोडतबी न्हाई." ती बद्रीनाथ मास्तरांकडं वळली. महिनाभर ती रीतीप्रमाणं त्यांच्याशी दाराआडून बोलली होती. आज तिनं थेट त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "मास्तर, तुमाला कसं वाटतंय?"

सगळं गाव मास्तरांकडं बघू लागलं. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. नगरच्या चौकात बापाशेजारी बसून वाढलेला हा माणूस चारचौघांनी आपलं मत विचारावं अशा जागी आजवर कधी उभा राहिला नव्हता. त्यांनी आधी भारतकडं बघितलं. भारतनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, हो म्हणून.

मास्तर छबुबाईला आजवर बाई म्हणत आले होते. जावई सासूला ज्या नावानं हाक मारतो ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"मोडू द्या, मामी," ते म्हणाले.